भात बंद करण्याआधी हिशोब करा: साखर काठावर आल्यावर रोजच्या ताटात काय बदलायचं

प्रश्न: वय ४३, उंची १६६ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, काम बसून. तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. खाणं सांभाळा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाले. घरच्यांनी भात बंद केला, साखरेऐवजी गूळ आणला आणि रोज सकाळी कारल्याचा रस सुरू केला. माझं खाणं असं: सकाळी चहा आणि चार मारी बिस्किटं, मग भरलेली बशी पोहे, डब्यात चार पोळ्या आणि भाजी (बऱ्याचदा बटाटा), संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री साडेनऊला दोन पोळ्या आणि वरणभात. दिवसाला चार चहा, दोन-दोन चमचे साखरेचे. नक्की काय बदलू?

उत्तर: भात पुन्हा सुरू करा, पण मापात. कारल्याचा रस थांबवा. गूळ आणि साखर यांत तुमच्यापुरता फरक नाही, त्यामुळे गूळ आणून काही साधलेलं नाही. खरा बदल करायचा आहे तो पोहे, पोळ्यांची संख्या, चहा-बिस्किट आणि वरणाचा पातळपणा या चार ठिकाणी. का, ते आकड्यांसकट सांगायला हवं, कारण कारण कळलं नाही तर पथ्य महिनाभरही टिकत नाही.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ आणि उपाशीपोटी साखर १०० ते १२५ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, म्हणजे प्री-डायबेटिस. ६.५ पासून पुढे मधुमेह. तुम्ही मधोमध आहात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यानुसार प्रौढ भारतीयांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आहे आणि आणखी १५.३ टक्के लोक तुमच्याच पायरीवर आहेत. इथून मागे फिरता येतं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच लोकांवर केलेल्या अभ्यासात (२००६) फक्त आहार आणि चालणं सुधारल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं होतं, आणि साखर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढंच घटलं होतं. म्हणून डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिने दिले ते योग्यच केलं.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. एचबीए१सी हे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचं मोजमाप आहे. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो; नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी दिसतो. तुमची उपाशीपोटीची साखरही वाढलेली आहे, त्यामुळे निदान बहुधा बरोबर आहे. तरी हिमोग्लोबिन किती आहे ते पाहा. हाच अहवाल घरातल्या बाईचा असेल तर ही तपासणी अजिबात टाळू नये.

आता शरीरात काय चाललंय ते. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. साखर १०० (म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम) असते तेव्हा त्या सगळ्या रक्तात मिळून फक्त पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. भरलेल्या बशीभर पोह्यांतून पन्नास-साठ ग्रॅम ग्लुकोज दोन-तीन तासांत त्या रक्तातून पुढे जायचं असतं. ते वाहून नेणारं इन्शुलिन, ते साठवणारं यकृत आणि ते जाळणारे स्नायू हे तिघं नीट काम करतात तोवर आकडा फारसा हलत नाही. पोटावर आणि यकृतात चरबी साचली, स्नायू कमी वापरले गेले, की तेवढ्याच पोह्यांसाठी जास्त इन्शुलिन लागतं. स्वादुपिंड काही वर्षं ते पुरवतं, मग मागे पडायला लागतं. ६.१ म्हणजे ते आता मागे पडू लागलं आहे.

वजन ७१ म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटत असेल. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५.८ आहे, भारतीयांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पुरुषांच्या पोटाचा घेर ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे हातपाय बारीक असून पोटात चरबी असते, ती अशी. त्यामुळे काटा काय म्हणतो त्याआधी बेंबीच्या रेषेत टेप लावून घेर मोजा आणि तो लिहून ठेवा.

तुमच्या दिवसाचा हिशोब

तुम्ही लिहिलेलं खाणं कर्बोदकांत मांडून पाहू. चार चहांची साखर ४० ग्रॅम. चार मारी, सुमारे १७. पोहे कोरडे ७५ ग्रॅम धरले तर ५७. डब्यातल्या चार पोळ्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या, ७७. बटाट्याची भाजी १६. वाटीभर चिवडा २२. रात्रीच्या दोन पोळ्या ३८. भात, ७५ ग्रॅम तांदळाचा, ५८. पातळ वरण ११. बेरीज ३३६ ग्रॅम.

या ३३६ मधला भात ५८, म्हणजे सहावा हिस्सा. चहातली साखर आणि बिस्किटं मिळून ५७. घरच्यांनी ज्याला दोषी धरलं तो भात आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही ती चहा-बिस्किटं, दोन्हींचं वजन सारखंच आहे. भात बंद झाल्यावर पोट भरायला दोन पोळ्या वाढल्या असतील (बहुतेक घरांत वाढतातच), तर ५८ गेले आणि ३८ आले. वीस ग्रॅमसाठी घरात रोज वाद.

त्याच दिवसातली प्रथिनं मोजली तर पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि त्यातली तीसहून जास्त धान्यातून आलेली. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५९-६० ग्रॅम लागतात, आणि तीही डाळ, कडधान्य, दूध, अंडी, मासे अशी मिळून. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. वरणभाताची जोडी बसते ती याच कारणाने. पण वरण पाण्यासारखं असेल तर ती जोडी नावापुरती राहते. याच संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅमच्या आसपास आणि डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरली आहेत. तुमचं धान्य सव्वातीनशेच्या पुढे जातं, डाळ वीसच्या आसपास. बसून काम करणाऱ्याला, वजन उतरवायचं असताना, धान्य १७५ ते २०० ग्रॅम पुरतं.

तेव्हा एक छोटा डिजिटल काटा घ्या. तो कायम वापरायचा नाही. पंधरा दिवस कच्चे पोहे, तांदूळ, डाळ आणि कणकेचा गोळा मोजा. मग हाताला अंदाज बसतो. ‘एक वाटी’ या मापावर विसंबू नका, कारण घरोघरी वाटी १०० मिलिलिटरपासून २०० पर्यंत कितीही असते.

पोहे

पोहे सोडायची गरज नाही, त्यांची बांधणी बदलायची आहे. पोहे म्हणजे भिजवून, भाजून, चेपलेला तांदूळच. ते लवकर पचतात आणि साखर लवकर वर नेतात. तुमच्या बशीत पोहे आणि बटाटा, म्हणजे पिष्टात पिष्ट, आणि प्रथिनं पाच-सात ग्रॅम. साडेअकराला भूक लागते ती यामुळेच, आणि मग दुसऱ्या चहाबरोबर बिस्किटं येतात.

असं करा: भिजवण्याआधी मोजून ४० ग्रॅम जाडे पोहे. बटाटा नाही. त्याऐवजी मूठभर मोड आलेली मटकी पाच मिनिटं वाफवून, थोडा मटार किंवा किसलेला कोबी-गाजर, कांदा नेहमीपेक्षा दुप्पट. शेंगदाणे १० ग्रॅम, म्हणजे साधारण पंधरा-वीस दाणे. तेल माणशी एक चहाचा चमचा. फोडणीत आधी कांदा घालून त्यावर पाण्याचा हबका मारला आणि झाकण ठेवलं तर तेवढ्या तेलात तो छान मऊ होतो. वरून लिंबू पिळायलाच हवं, त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतलं लोह जास्त शोषलं जातं. सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. बशी तेवढीच भरलेली दिसते, कर्बोदकं ५७ वरून चाळीसच्या आसपास येतात आणि प्रथिनं दुपटीच्या पुढे, चौदा-पंधरा ग्रॅमवर जातात.

मटकी कोमट पाण्यात आठ-दहा तास भिजवून, पाणी फेकून, ओल्या कपड्यात बांधून उबदार जागी ठेवली की उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. थंडीत दिवसभर लागतो. वास आंबूस आला किंवा बुळबुळीत लागली तर टाकून द्या. मोड आलेलं कडधान्य कच्चं खाण्यापेक्षा वाफवून खा, पोटाला सोसतं आणि जंतूंची भीती राहत नाही.

रोज पोहे नकोत. आलटून-पालटून भिजवलेल्या मुगाची धिरडी करा (५० ग्रॅम मुगात १२ ग्रॅम प्रथिनं), किंवा घरच्या भाजणीचं थालीपीठ, माणशी ५०-६० ग्रॅम भाजणीचं, दह्याबरोबर. उपमा, इडली, ब्रेड हे सगळे पोह्यांचेच भाऊ आहेत. सोबत डाळ-अंडं-दही नसेल तर गत तीच. ओट्सना काही वेगळी जादू नाही. विकतच्या मसाला ओट्समध्ये मीठ बरंच असतं.

पोळी, भाकरी, भात

ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, हा समज मनापासून काढा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं, गव्हाच्या कणकेत ६४ च्या आसपास. चोथाही (फायबर) दोन्हींत जवळपास सारखाच, शंभराला दहा-अकरा ग्रॅम, अर्थात कोंडा चाळून फेकला नसेल तर. भाकरी चांगली आहेच, ती चावावी लागते, पोटभर वाटते, कोरडी भाजली जाते. पण एका फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं आणि हातावर थापलेल्या एका भाकरीला ७० ते ८०, गावाकडची मोठी असेल तर शंभरापर्यंत. ‘मी दोनच भाकऱ्या खातो’ म्हणणारा माणूस सहा फुलक्यांचं पीठ खात असतो. बाजरी, नाचणीलाही हेच लागू. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ते खरंच मोलाचं. पण नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून प्यायलं तर ते झरझर पचतं आणि साखर चढवतं. तीच नाचणी भाकरीत खा.

डब्यात २५ ग्रॅमचे तीन फुलके, किंवा एक मध्यम भाकरी. मळलेल्या कणकेचा गोळा (पाणी धरून) ४० ग्रॅमचा ठेवला की फुलका बरोबर बसतो. घडीच्या पोळीत दोन घड्यांना लावलेलं तेल धरून पोळीमागे अर्धा-एक चमचा तेल जातं, ते लक्षात ठेवा. बटाटा, सुरण, रताळं, मका यांची भाजी असेल त्या दिवशी एक फुलका कमी, कारण ती भाजी नव्हे, धान्याचाच भाग. डब्यात दोन डबे भाजीचे असू द्या: एक फळभाजी किंवा पालेभाजी, दुसऱ्यात उसळ, पिठलं किंवा झुणका. माणशी ३० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय ते दहा मिनिटांत होतं.

रात्री ३५ ग्रॅम तांदळाचा भात, शिजून साधारण १०० ग्रॅम, आणि एक फुलका. वरणासाठी डाळ चार माणसांना एका वेळी १२० ग्रॅम शिजवा, म्हणजे माणशी तीस. बहुतेक घरांत याच्या निम्मी शिजते आणि उरलेलं पाणी असतं. तांदूळ कोणता, कुकरचा की पाणी काढून टाकलेला, हातसडीचा की पॉलिश, यावर फार डोकं घालू नका. थंड करून ठेवलेल्या भातात न पचणारं पिष्ट थोडं वाढतं हे खरं, पण तो फायदा छोटा आहे. माप निम्मं केल्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा.

ताटातला क्रम मात्र बदला. आपल्याकडे पंगत सुरू होते ती पहिल्या वरणभाताने. रिकाम्या पोटी पहिला घास मऊ भाताचा पडला की साखर सर्वांत वेगाने चढते. आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ पाच-दहा मिनिटं चावून खा, मग फुलका, आणि भात शेवटी, आमटी किंवा ताकाबरोबर. चोथा आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं. तेच जेवण, तेवढंच जेवण, पण साखरेचा चढ कमी. याला पैसेही लागत नाहीत.

भाज्या दिवसाला कच्च्या वजनात ३००-४०० ग्रॅम हव्यात. ताटाच्या कोपऱ्यात चमचाभर भाजी वाढायची सवय याच्या आड येते. मेथी, माठ, शेपू, चाकवत, दोडका, घोसाळं, पडवळ, गवार, घेवडा, जे स्वस्त आणि ताजं असेल ते. पिठलं-भाकरीच्या दिवशीही काकडी, मुळा, कांदा सोबत असू द्या.

उसळी एकदम वाढवल्या तर गॅस होतो आणि मग लोक सगळंच सोडून देतात. भिजवलेलं पाणी फेका, मोड आणा, मऊ शिजवा, हिंग-ओवा वापरा आणि पहिला आठवडा दोन-तीन मोठे चमचेच खा. चोथा वाढवला आणि पाणी तेवढंच प्यायलात तर बद्धकोष्ठ होतो. सुरुवात मूग-मटकीने; वाल, राजमा, छोले मागाहून.

मांसाहारी असाल तर काम सोपं. बांगडा, तारली हे स्वस्त मासे उत्तम. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळण्याऐवजी तव्यावर दोन चमचे तेलात भाजा, किंवा कालवण करा.

चहा, बिस्किट, चिवडा

चाळीस ग्रॅम साखर एकदम शून्यावर आणू नका. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी पूर्ववत. दोन चमचे असतील तर आठवडाभर दीड, पुढचा आठवडा एक, मग अर्धा. जिभेला काही आठवड्यांत सवय होते, आणि त्यानंतर पूर्वीचा चहा नकोसा गोड लागतो. चमचाही बघा, घरचा जुना चमचा शिगोशीग भरला तर आठ ग्रॅमही मावते. चहा जेवणाला लागून पिऊ नका, आधी-नंतर तासभर अंतर ठेवा; चहातल्या टॅनिनमुळे लोहाचं शोषण घटतं.

गूळ हा मुख्यतः तीच साखर. त्यातलं लोह चमचाभर गुळात नगण्य असतं. मध, खजूर, नारळसाखर यांनाही तोच नियम. पाकिटावर ‘शुगर फ्री’ किंवा ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या बिस्किटांची मागची बाजू वाचा: घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव मैदा आणि दुसरं पामतेल असेल तर पुढची यादी वाचायची गरज नाही. ‘प्रति सर्व्हिंग’चे आकडे बघताना एक सर्व्हिंग म्हणजे दोनच बिस्किटं धरलीत का, हेही पाहा.

संध्याकाळी सहाला चिवड्याऐवजी ३० ग्रॅम फुटाणे आणि काकडी किंवा एक पेरू. फुटाण्यांत सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे खाल्लं की साडेनऊला तुम्ही उपाशी लांडग्यासारखे ताटावर बसत नाही, हा मोठा फायदा. जेवण आठ-साडेआठवर आणता आलं तर उत्तम. नाही जमलं तर निदान भात-पोळीचं माप रात्री कमी आणि दुपारी जास्त ठेवा. उपाशीपोटीची साखर ही रात्रभर यकृत किती ग्लुकोज सोडतं त्यावर ठरते. यकृतातली चरबी उतरली की सकाळचा आकडा उतरतो, त्याला काही आठवडे लागतात.

फळ खा, रस पिऊ नका. दिवसाला एक-दोन फळं, जेवणाला जोडून नव्हे. हापूसच्या हंगामात एक मध्यम आंबा, त्या वेळच्या दोन फुलक्यांच्या बदल्यात, चालतो. वाटीभर आमरसात मात्र दोन आंबे, वर साखर, सोबत पुऱ्या. तिथे घोळ होतो.

तेल, मीठ, उपवास

तेलाचं माप ताटात नव्हे, किराणाच्या यादीत बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ४१ मिलिलिटर झालं. चार-पाच चहाचे चमचे, म्हणजे २०-२५ मिलिलिटर पुरतात. डबा तीन लिटरचा आणा. शेंगदाणा, करडई, मोहरी, जे घरात चालतं ते ठेवा. दाण्याचा कूट आणि सुकं खोबरं हेही चरबीत मोजायचं. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. तळलेलं तेल पुन्हा तळायला वापरू नका. भाजीला एकदा वापरून संपवा.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, सपाट एक चमचा, लोणचं-पापड-चटणी-फरसाण धरून. पापडात मिठाखेरीज पापडखारातलंही सोडियम असतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणजे पोटॅशियम मिसळलेलं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

चतुर्थी-एकादशीला साबुदाणा खात असाल तर एवढं ध्यानात घ्या की शंभर ग्रॅम साबुदाण्यात ८७ ग्रॅम कर्बोदकं आणि प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्यांचं. त्याऐवजी राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, वरीचा मापातला भात आणि दाण्याची आमटी, लाल भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर, ताक. वरीचं आणि राजगिऱ्याचं पीठ ताजं दळलेलं घ्या. दमट हवेत जुन्या पिठाला बुरशी लागते आणि विषबाधा होते.

पुरणपोळीच्या दिवशी एका पोळीत गूळच २५ ग्रॅमच्या आसपास जातो. एक खा, कटाच्या आमटीबरोबर, आणि त्या जेवणात भात घेऊ नका. उरलेलं पुरण वाटून टाका, नाहीतर सण तीन दिवस चालतो.

रस आणि काढे

कारलं भाजी म्हणून उत्तम. रस रोज उपाशीपोटी घेऊन साखर भरवशाने उतरते असं सिद्ध झालेलं नाही, आणि पुढे कधी साखरेची गोळी सुरू झाली तर दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते. दुधीच्या रसाबद्दल जास्त गंभीरपणे सांगायचं आहे: कडू दुधीत कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं दगावली आहेत. दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू लागला तर अख्खा टाकून द्या. मेथीदाणे चमचाभर भिजवून चावून खाल्ले तर त्यातल्या चिकट चोथ्याचा थोडा उपयोग होतो, पण तो पोह्यांची दुसरी बशी भरून काढत नाही.

चालणं आणि तपासणी

दोन्ही मुख्य जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, रमतगमत चाललात तरी हरकत नाही. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. याशिवाय आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन-तीन दिवस स्नायूंचा व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून जोर. वजन सहा महिन्यांत साडेतीन ते पाच किलो उतरवायचं. महिन्याला पाऊण किलोच्या आसपास पुरे; उपास करून झपाट्याने उतरवलं तर स्नायूही उतरतात, आणि साखर खर्च करणारे तेच आहेत.

घरी ग्लुकोमीटर (बोट टोचून साखर मोजायचं यंत्र) असेल तर तुमच्याच शरीरावर एक साधी परीक्षा करा. एका सकाळी जुने पोहे, नेहमीच्या मापाने. दुसऱ्या सकाळी वरची नवी बशी. दोन्ही दिवशी खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर बघा. मध्ये चहा नको, चालणं नको. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटाने घेतलेला थेंब खोटा मोठा आकडा दाखवतो. यंत्रात १५ टक्क्यांपर्यंतचा फरक धरून चालतात, म्हणून १३२ आणि १३८ यांत काही शोधू नका. १३० आणि १७० यांतला फरक मात्र खरा. दोन तासांनी १४० च्या आत राहायचं आहे. हीच परीक्षा भाकरी-पिठल्याची आणि वरणभाताची करा. कुणाला भात जास्त चढतो, कुणाला पोळी, आणि ते शेजाऱ्याला विचारून कळत नाही.

वरची मापं तुमच्या वयाच्या, गोळी चालू नसलेल्या माणसासाठी आहेत. गरोदरपणात, मूत्रपिंडाच्या आजारात, किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नाहीतर इन्शुलिन चालू असताना कर्बोदकं स्वतःहून निम्मी करू नका, उपवासही धरू नका. अशा माणसाला घाम, थरथर, घबराट झाली आणि साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं. चॉकलेट किंवा लाडू देऊ नये, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा पोचते. पुढे मेटफॉर्मिन सुरू झालंच तर वर्षातून एकदा बी-१२ जीवनसत्त्व तपासा, विशेषतः शाकाहारी असाल तर. ते कमी झाल्याने पायाला येणाऱ्या मुंग्या पुष्कळदा मधुमेहाच्या खात्यावर मांडल्या जातात.

एचबीए१सी तीन महिन्यांआधी पुन्हा करू नका, तांबड्या पेशींचं आयुष्य तीन-चार महिन्यांचं असतं आणि तीन आठवड्यांत बराचसा जुनाच आकडा दिसेल. त्या वेळी त्याच रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिपिड (रक्तातल्या चरबीसाठी) आणि एसजीपीटीही (यकृतासाठी) करून घ्या, आणि पोटाचा घेर मोजून डॉक्टरांना कागद द्या. मधल्या काळात तहान आणि लघवी वाढली, वजन आपोआप उतरू लागलं, किंवा उपाशीपोटी साखर दोनदा १२६ किंवा त्याहून वर आली, तर तीन महिने थांबू नका.